साठ मीटरांची रात्र

(काळा पडदा. आधी नुसता आवाज: किल्ली फिरते, सेल्फ लागतो, इंजिन एका सुरात येतं. मग हेडलाइट.)

दिवसा हाच रस्ता केवढा तरी असतो. पाट्या, कुंपणं, लांबची टेकडी, पुढच्या वळणावर दिसणारी गाडी. रात्री उरतो तो डांबराचा एक तुकडा. डिपरवर, म्हणजे झोत खाली असताना, पन्नास-साठ मीटर; अप्परवर, म्हणजे झोत वर केला की, त्याच्या दुप्पट म्हणा. पलीकडे काळोख.

रात्री बाईक का चालवतोस, असं कुणी विचारलं की आम्ही सगळे एकच उत्तर देतो: ट्रॅफिक नसतं. खरं आहे, पण ते घरच्यांना द्यायचं उत्तर. खरी गोष्ट अशी, की बघायला काही उरलं नाही की डोकंही गप्प बसतं. दिवसभराची कटकट पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत मागे बसून येते, मग कुठे उतरते ते कळतही नाही.

आणि डोळे रिकामे झाले की नाक, कान, कातडी जागी होतात.

(दृश्य: उतार. खाली ओढ्यावरचा पूल, त्यावर धुक्याची पातळ पट्टी.)

हा उतार बघा. वर हवा उबदार होती. पुलाजवळ येताना गार लागायला लागतं: आधी गुडघ्यांना, मग बोटांना, मग हेल्मेट आणि कॉलर यांच्या मधल्या त्या दोन बोटांच्या फटीत. पूल ओलांडून चढ लागला की पुन्हा ऊब. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की सूर्यास्तानंतर जमीन भराभर थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड होते. थंड हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. आपण त्या डबक्यातून गाडी घालतो. बंद काचांच्या मोटारीत बसलेल्याला या डबक्याचा पत्ता नसतो. ओल्या मातीचा, पाण्याचा, रात्री फुलणाऱ्या कुठल्याशा झाडाचा वास असाच पट्ट्यापट्ट्यांनी येतो आणि जातो.

रात्री गाडी मोकळी पळते, असंही रायडर सांगतात. अगदीच थाप नाही. हवा दहा अंशांनी थंड झाली की सुमारे तीन टक्क्यांनी दाट होते, म्हणजे प्रत्येक घोटात इंजिनला तेवढा जास्त ऑक्सिजन. तीन टक्के मुठीला खरंच जाणवतात का? मला शंका आहे. बाकीचं काम बहुधा मूड करतो.

(दृश्य: स्पीडोमीटर. काटा ८० वर.)

आता जरा हिशेब. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे उमगणं आणि बोटं ब्रेकवर आवळणं, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ३३ मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपले. पुढे कोरडा रस्ता, चांगले टायर आणि न घाबरणारा हात असेल, तर थांबायला आणखी ३५ मीटर. बेरीज ६८. आणि डिपरचा उजेड? साठ.

उरलेले आठ मीटर आपण रोज नशिबाच्या खात्यावर काढतो. ताशी ६० वर हीच बेरीज ४५ पर्यंत येते.

गंमत अशी, की रात्री ८० हे ८० वाटतच नाहीत. दिवसा कडेची झाडं, खांब सपासप मागे जातात, त्यावरून वेग अंगात भिनतो. रात्री कडा काळी. शिवाय डोळ्यातल्या ज्या पेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना हालचाल प्रत्यक्षापेक्षा सावकाश दिसते. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवा, स्वतःवर नको.

याच पेशींना लाल रंगही नीट दिसत नाही. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे दोनशे वर्षांपूर्वी लक्षात आलं: उजेड कमी झाला की लाल आधी काळवंडतो, निळा-हिरवा मागाहून. तेव्हा लाल जॅकेट रात्री मिरवण्यात अर्थ नाही. पाठीवरची परावर्तक पट्टी दिसायला बावळट असते, पण मागच्या गाडीचा उजेड ती थेट त्याच गाडीकडे परत पाठवते.

(दृश्य: समोरून येणारा प्रखर झोत. पडदा पांढरा.)

आणि हा. अप्पर न उतरवणारा. याच्याबद्दल निवेदनात बोलण्यासारखं फार थोडं आहे. डोळे दिपतात, आणि तो गेल्यावरही काही सेकंद काळोखात एक जांभळा डाग तरंगत राहतो. जुने रायडर अशा वेळी झोताकडे बघत नाहीत, आपल्या बाजूची कडेची पांढरी रेघ धरतात. व्हायझरवर ओरखडे असतील तर मात्र एका दिव्याचे शंभर दिवे होतात. रात्री काळ्या काचेचा व्हायझर लावणाऱ्याला काय म्हणावं, ते प्रेक्षकांनीच ठरवावं.

वळणाची भानगड निराळी. गाडी झुकते, तिच्याबरोबर दिवाही झुकतो, आणि ज्या बाजूला वळायचं नेमका तिकडचाच उजेड आखूड पडतो. झुकल्यावरही झोत सपाट ठेवून वळणात टाकणारे दिवे आता काही महागड्या गाड्यांवर आहेत. बीएमडब्ल्यूच्या के १६०० जीटीवर ते २०११ मध्येच मिळायला लागले. बाकीच्यांनी वळणाआधी वेग उतरवायचा. वळणात सांडलेली बारीक खडी रात्री दिसते तेव्हा चाक तिच्यावर पोहोचलेलं असतं.

(दृश्य: रस्त्याच्या कडेला चमकणाऱ्या ठिपक्यांची रांग.)

या ठिपक्यांना कॅट्स आय म्हणतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. मांजर, कुत्रा, गाय यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, म्हणून ते आपल्या हेडलाइटमध्ये चमकतात. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. पायी चालणारा माणूस चमकत नाही, हे विसरू नका.

मला हे ठिपके एका वेगळ्या कारणानं आवडतात. एका रात्री मी अशाच रस्त्यानं येत होतो. रांग छान लांबवर दिसत होती. मग वाटलं, काहीतरी खटकतंय. मधले तीन ठिपके नव्हते. आधीचे होते, पुढचे होते, मधले तीन गडप. उखडले असतील, असं मनात आलं, तरी हात ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा पुढ्यात बंद पडलेला ट्रक होता. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, चिखलानं माखलेला मागचा फाळका. त्यावर खडूनं लिहिलेला कसलासा आकडा मला बसल्या जागेवरून वाचता येत होता. ठिपके रस्त्यावरच होते. ट्रक त्यांच्यावर उभा होता.

त्यानंतर अर्धा तास मी साइड स्टँड लावून कडेला बसलो. पाय थरथरत होते म्हणूनही, आणि पहाटेचे तीन वाजले होते म्हणूनही. दोन ते पाच ही वेळ वाईट. झोप तेव्हा डोळे मिटवून येत नाही, उघड्या डोळ्यांनी येते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ताशी ८० वर ६६ मीटर. जांभई, एकाच पाटीकडे दोनदा बघणं, मागचं गाव कधी गेलं ते न आठवणं: यातलं काहीही झालं तर गाणी म्हणून भागत नाही. उतरावं. वीस मिनिटं झोपावं.

(दृश्य: बंद गाडी. तापलेल्या इंजिनची टिक्‌ टिक्‌. बाकी शांतता.)

इंजिन निवताना असं टिकटिकतं. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि गाडीवर ती कधीच मिळत नाही. इथे मिळते. आधी रस्त्याची कड उमटते. मग कुंपणाच्या तारा. मग मान वर केली, तर आभाळ इतकं खच्चून भरलेलं, की इतका वेळ आपण याच्याच खालून आलो हे खरं वाटू नये.

व्हायझरवर एक किडा चिकटलाय. ओल्या फडक्यानं पुसतो. किल्ली फिरवतो.

(हेडलाइट लागतो. आभाळ काळं होतं.)