कोणाच्या आजीकडून?

पारोळा-अमळनेरकडचं एक गाव. नागपंचमीनंतरचा रविवार, घरात खानदेशची लोकदेवी कानबाई बसलीय. रात्र चढत चाललीय आणि बाया अहिराणीत गाणी म्हणतायत. कोपऱ्यात एक मुलगी बसलीय, मांडीवर वही, शेजारी मोबाइल. रेकॉर्डिंग चालू आहे. कानबाईच्या गाण्यांवर ती पीएच.डी. करतेय.

आता हे पान बघा. तिच्या प्रबंधाचा पहिला कच्चा मसुदा. एका गाण्याखाली तिनं लिहिलंय, ‘आजीकडून ऐकले.’ बाजूला मार्गदर्शकांचं लाल पेन: ‘कोणाच्या?’

एकच शब्द, पण तिचे दोन दिवस खराब झाले. कारण खरंच कोणाच्या, ते तिला आठवेना. चार गावं फिरली होती, सात-आठ जणींनी गाणी सांगितली होती. तेच गाणं शेजारच्या गावात एका ओळीनं वेगळं निघतं. मग गाव, म्हणणारीचं नाव, वय, तारीख, रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय, हे लिहिलं नाही तर उद्या दुसरं कुणी पडताळायला जाणार कुठे? आणि नाव छापायचं तर आजीला आधी विचारायला हवं. तेही राहिलेलं.

म्हणणारीचं नाव सुटलं की काय जातं, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी सुचत गेली; मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ती उतरवून घेत. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली. उतरवून घेणाऱ्यांनी गाणी ‘एक लोकगीत’ म्हणून सोडून दिली असती, तर आज जळगावच्या विद्यापीठावर ते नाव दिसलं नसतं.

छापील संदर्भांचं दुखणं निराळं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथाचा, खानदेशावरचा खंड १८८० सालचा. या भागावर प्रबंध लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा हवाला देतो. आमच्या मुलीनंही दिला, पृष्ठ क्रमांकासकट. ग्रंथालयात जाऊन तो जाड खंड उघडला, तर त्या पानावर भलताच विषय! क्रमांक तिनं एका जुन्या प्रबंधातून उचलला होता. त्या प्रबंधानं तो कुठून घेतला, देव जाणे. अशा वेळी सरळ मार्ग दोनच. मूळ पान वाचा आणि त्याचा हवाला द्या. नाहीतर गॅझेटियरचं नाव घेऊन ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असं लिहा. न पाहिलेलं पुस्तक पाहिल्यासारखं दाखवणं ही थापच.

धुळ्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगावची जुन्या कागदांची दप्तरं धुंडाळत फिरले, १९२६ च्या अखेरीस इथेच वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, पुढे बावीस झाले. त्यांचे निष्कर्ष अनेकांनी खोडून काढले. खोडता आले, कारण मूळ कागदच त्यांनी छापून लोकांपुढे ठेवले होते.

आणि हल्ली टक्केवारी आलीय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीतून वगळतात. त्यामुळे अवतरणचिन्हांना घाबरायचं कारण नाही, पण मुलं घाबरतात, शब्द इकडचे तिकडे करतात आणि नऊ टक्के आले की पेढे वाटतात. शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो, त्याचाही हवाला द्यावा लागतो. आमच्या मते ही टक्केवारीची भीती संदर्भ द्यायला शिकवत नाही, लपवायला शिकवते.

पुन्हा तेच गाव, पुढचा महिना. दुपारची वेळ. आजी ओसरीवर बाजरी निवडतायत. मुलीनं नाव छापायची परवानगी विचारली, आजी हसून हो म्हणाल्या. वहीत नाव उतरलं, वय उतरलं, गाव, तारीख. पेन बंद करता करता तिनं विचारलं, हे गाणं तुम्हाला कोणी शिकवलं?

“मन्ही सासूनी.”

तिनं पेन पुन्हा उघडलं. “त्यांचं माहेर कुठलं, आजी?”