कंबर आणि घड्याळ

मघाशी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे." आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी एमआरआयची फाईल काढली. चार वर्षांचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. लग्नाचा अल्बमसुद्धा आपण इतका नीट ठेवत नाही!

ती फाईल जरा बाजूला ठेवू. पाठदुखीची तक्रारच नसलेल्या 3,110 लोकांची स्कॅन 2015 साली एकत्र अभ्यासली गेली. चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. त्यांचं दुखत काहीच नव्हतं. लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, वजन उतरणं असं काही असेल तर मात्र आजच डॉक्टर गाठा. तिथं माझ्यासारख्या फिजिओचं व्याख्यान ऐकत बसू नका.

बाकीच्यांचं काय होतं? दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की भीती बसते. बादली उचलायची नाही, खाली बसायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. मग एक दिवस बरं वाटतं. त्या दिवशी आपण काय करतो? माळा साफ करतो. (हसताय, म्हणजे केलाय!) पुढचे चार दिवस अंथरुणात.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. दुखेपर्यंत काम आणि दुखलं की आराम, ही साखळी त्यांनी उलटी केली. माणसाला सहज झेपेल त्याहून थोडा कमी व्यायाम ठरवून द्यायचा, तेवढा झाला की विश्रांती. मग हळूहळू वाढवायचा. दुखण्यामुळे विश्रांती आणि आपुलकी मिळत गेली की दुखणाऱ्या माणसाचं वागणं नकळत त्याच वाटेनं घट्ट होतं, हे त्यांनी मांडलं. दुखणारी बाई सोंग करते असा याचा अर्थ नाही. दुखणं खरंच असतं. पण आपल्या घरांत बाईला मिळणारी मंजूर रजा एकच, कंबर धरून आडवं होण्याची. नुसतं "दमले" म्हटलं तर ती मंजूर होत नाही. मला हा प्रश्न कमरेइतकाच घराचाही वाटतो.

स्वीडनमध्ये 2001 साली पाठ-मानदुखीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्तनावर भर देणारी फिजिओथेरपी, विचार-वर्तन उपचार (दुखण्याबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे), दोन्ही एकत्र आणि नेहमीचे उपचार असे चार गट. दीड वर्षानं पाहिलं, तर पहिल्या दोन गटांतल्या बायकांवर मुदतीआधी पूर्ण पेन्शन घेण्याची वेळ नेहमीच्या उपचारांवरच्या बायकांपेक्षा कमी आली. कामावरचे खाडे मात्र फारसे घटले नव्हते, तेही सांगते. पुरुषांत फरक दिसला नाही. का, यावर वाद घालता येईल. मला माझ्याकडे येणाऱ्या बायका आठवतात.

त्यातल्या एकीला वीस पोळ्या एका दमात लाटायची सवय. आम्ही ठरवलं, सात लाटायच्या आणि पाच मिनिटं बसायचं, दुखो न दुखो. "कंबर मोडली" असं मनात आलं की वहीत लिहायचं, आणि काल त्याच कमरेनं किती चाललो तेही शेजारी लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिला बसायचीच लाज वाटे. तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसली होती, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, कंबर दुखतेय का?"

ती म्हणाली, "नाही हो बाबा. सात झाल्या."