पेवातलं भूत

(दृश्य: मिट्ट काळोख. वर, लांब, उजेडाचं एक गोल तोंड.)

भयपटांचं सध्या पेव फुटलंय. हा भयपट मात्र पेवातच घडतो.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. कन्नडमध्ये त्यालाच हगेव म्हणतात. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट रांजणासारखं फुगलेलं. कडेनं कडबा, आत जोंधळा, तोंडावर शिळा. आत अडकलेली तीन माणसं आणि ती शिळा, एवढ्या भांडवलावर दीड तास काढायचा.

खऱ्या पेवात कॅमेरा न्यायचा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बंद पेवात धान्य श्वास घेतं. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतो. उतरलेला माणूस बघता बघता कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. आत कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण दिवा तेवतोय म्हणजे हवा धड आहे असं नव्हे. पटकथेतलं भूतही हेच: रंग नाही, वास नाही, पायाकडून वर चढतं. त्याला मेकअप लागत नाही. खाली बसलेला आधी झोपाळतो, उभा असलेला शेवटी. कोण कुठं बसलंय यावरच प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो.

(दृश्य: रिकामी तंबाखूची वखार. बांबूचा सांगाडा उभा राहतोय.)

पेव उभारायचं ते निपाणीतल्या एखाद्या रिकाम्या वखारीत. आधी जमीन दोनदा धुऊन घ्या. तंबाखूची धूळ राहिली तर प्रत्येक संवाद शिंकेत संपतो. दहा फूट व्यासाचं, सात फूट उंच पोट चार पाकळ्यांत करायचं, प्रत्येक पाकळी तळाशी साधारण आठ फूट. प्लायवूड वळवण्यात पैसा घालू नये. बांबूच्या चौकटीवर बुरडाकडचे तट्टे बांधले की गोलाई आपोआप येते, आणि तट्ट्याच्या विणीत शेणमाती धरते. पातळ दोन हात द्या. जाड एकच हात दिला तर वाळताना पापुद्रे सुटतात, आणि पावसाळ्यात ती वाळतच नाही, बुरशी धरते. म्हणून हे काम दिवाळीनंतरचं. पाकळ्यांना खाली चाकं लावा. कॅमेरा जिथं हवा ती पाकळी ओढायची, बाकी तीन राहतात. 2010 च्या ‘बरीड’ या चित्रपटात एक माणूस आणि एक शवपेटी आहे. तरी चित्रीकरणासाठी सात पेट्या केल्या होत्या. इथं दोन तुकडे पुरतात: हे पोट, आणि वर बघतानाच्या शॉटसाठी तोंडाचा दोन फुटी गळा.

धान्यात कमरेपर्यंत रुतलेला माणूस दाखवायचा, तर खरा ढीग करू नका. जोंधळा वाळूसारखा सरकतो, छाती आवळतो. कमरेच्या उंचीवर फळ्यांचा माळा करून त्याला भोक पाडायचं, नट त्या भोकात उभा. माळ्यावर अर्धा फूट थर द्यायचा म्हटलं तरी सुमारे आठ क्विंटल ज्वारी लागते. निम्मा थर लाकडाच्या भुशाचा द्या, माळ्याला दर दोन फुटांवर टेकू द्या.

उजेडाची साधनं दोनच. शिळा उघडी असताना वरून एक कडक दिवा, बंद झाल्यावर कंदील. कंदिलात ज्योत नको. कडबा, तट्टे आणि धान्याची धूळ एकत्र असताना ती परवडणारी नाही. वातीच्या जागी पिवळा एलईडी बसवा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर स्वस्त दिव्यांची फडफड चित्रात उतरते.

रक्त थोडंच आहे: काकवी, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. दिसतं छान, पण मुंग्या येतात आणि ज्वारीचे गोळे होतात. तो शॉट दिवसाच्या शेवटी घ्यावा.

(दृश्य: वाकळा टांगलेली वखार. पडदा काळा होतो, फक्त आवाज.)

बजेटचा मोठा वाटा आवाजाला द्या. वखार घुमते, पेव घुमत नाही. माती आवाज गिळते. पाकळ्यांच्या बाहेरून जाड वाकळा, घोंगडी टांगा, मधे वीतभर पोकळी सोडा. महामार्ग जवळ आहे, तवंदी घाट चढणारे ट्रक रात्री जास्त ऐकू येतात, तेव्हा संवाद पहाटे घ्या. कॉलर माइक छातीशी, कारण श्वास हाच इथला मुख्य संवाद. रोज एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून सेटची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमधली भेग तिनंच बुजते. वरून चालणाऱ्यांची पावलं वेगळी नोंदवायची आणि त्यातला तीक्ष्ण भाग कापायचा. मातीतून धप्प एवढंच खाली येतं.

शिळा सरकण्याच्या आवाजाला खरी शिळा नको. जात्याची वरची तळी कोरडी फिरवा, माइक लाकडी पाटाला चिकटवून. अर्धाच वेढा, तोही सावकाश. पुरा वेढा झाला की आत कुणीतरी दळण दळतंय असं वाटतं.