वरून बटाटा, आत खिमा

कुस्को. पेरूमधलं डोंगरावरचं शहर, उंची सुमारे ३,४०० मीटर. इतक्या वर पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, म्हणून बटाटे शिजायला वेळ घेतात. ते गरम आहेत तोवरच सोलून दाबून काढायचे. गार झाले की गुठळ्या राहतात. बटाटा हवा पिठूळ, कोरडा. पाणचट निघाला, तर गोळा कढईत फुटलाच म्हणून समजा.

आता हात बघा. तळव्याला पीठ, त्यावर मळलेला बटाटा थापायचा, मधे खोलगट ठेवायचा. त्यात खिमा, बहुतेक गाईच्या मांसाचा. कांदा, लसूण, जिरं आणि ‘आही पांका’ या लाल मिरचीच्या वाटणात परतलेला. वर उकडलेल्या अंड्याची फोड, एक काळं ऑलिव्ह, कुणी दोन बेदाणेही घालतं. कडा ओढून तोंड मिटायचं, दोन्ही टोकं निमुळती करायची. अंडं, पीठ, कढई.

याचं नाव पापा रेयेना. ‘पापा’ म्हणजे बटाटा, हा शब्द केचुआ भाषेतला, इथला. ‘रेयेना’ म्हणजे भरलेला, हा स्पॅनिश. आणि पदार्थही तसाच जोडलेला आहे. बटाट्याची शेती तितिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगरांत हजारो वर्षांपासूनची. गाय, कांदा, जिरं, ऑलिव्ह आले ते १५३२ नंतर, स्पॅनिशांच्या मागोमाग. सारणात इथली म्हणावी अशी एकटी मिरची.

जाता जाता, आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा. म्हणजे अँडीजच्या बटाट्याला आपण इतकी वर्षं रताळ्याच्या नावाने हाक मारतोय!

१८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं, तेव्हा पेरूच्या सैनिकांनी शिदोरी म्हणून हे शोधलं, असं सांगतात. चारी बाजूंनी बंद, तळलेला गोळा झोळीत टिकत असेलही. बाकी सगळं सांगोवांगी.

शेजारच्या बोलिव्हियात याच्यासोबत ‘ल्याह्वा’ मिळते, टोमॅटो आणि ‘लोकोतो’ मिरची दगडावर वाटून केलेली. पेरूत मात्र उभा, पातळ चिरलेला कांदा, त्यावर लिंबू आणि मिरची.

गरम आहे, फुंकर मारून घ्या. आणि ऑलिव्हची बी कधी कधी आत तशीच असते. दात सांभाळून.