‘कळलं ना?’ असं विचारू नका

श्रोतेहो, नमस्कार.

दिव्यांगांसाठी ॲप सोपं करायचं म्हटलं की आपल्याला आठवतं ते अंधांसाठी वाचून दाखवणारा आवाज आणि मोठी अक्षरं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र 21 प्रकार आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता, हे सगळं त्यात येतं. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून रॅम्पबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण ॲप तयार होत असताना ह्या मंडळींच्या हातात ते देऊन बघावं, हे सहसा कुणाला सुचत नाही.

फोंड्यात अशी एक चाचणी मी पाहिली. विशीतली एक मुलगी, काम लाइटबिल भरण्याचं. लॉगिनसाठी ओटीपी आला. तिनं मेसेज उघडला, सहा आकडे पुटपुटत परत आली, तीन टाकले आणि अडली. पुन्हा मेसेजमध्ये. तेवढ्यात वेळ संपला आणि ॲप पहिल्या पानावर जाऊन बसलं. चाचणी घेणाऱ्यानं विचारलं, “कळलं ना?” ती म्हणाली, “हो सर.” त्यानं वहीत बरोबरची खूण केली.

झालं! जन्मभर ज्यांची परीक्षाच घेतली गेली, त्यातले बरेचजण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारायचं ते असं: “आता पुढं काय करशील, दाखव.” मग बोट कुठं थबकतं, कुठून मागं फिरतं, ते पाहत राहायचं. काम करताना मनातलं मोठ्यानं बोला, असं अशा चाचण्यांत सांगतात. वाचणं आणि बोलणं एकदम करायला ज्यांना जड जातं, त्यांच्याकडून आधी काम करून घ्यावं, बोलणं नंतर. आणि ‘समजा, तुम्हाला मुंबईला जायचंय’ असली कल्पना नको. एखादा सरळ म्हणेल, मला नाही जायचं मुंबईला. त्याचं काय चुकलं? त्याला म्हापशाची बस शोधायला द्या, तो रोज जातो तीच.

आईवडील शेजारी बसले की उत्तरं तेच देतात. “बाय, ते निळं बटण दाब गो!” झाली चाचणी. त्यांना बाहेर चहा द्यावा, पण मुलाला किंवा मुलीला ते जवळ हवे असतील तर मागं बसवावं. संमतीही नुसती पालकांच्या सहीवर भागवू नये. साध्या वाक्यांत, चित्रं दाखवून, ‘कधीही थांबता येईल’ हे त्या व्यक्तीलाच सांगावं. मानधनही तिच्याच हातात.

त्या ओटीपीचं म्हणाल तर डब्ल्यूथ्रीसी ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ऑक्टोबर 2023 मध्ये वेबसाठीच्या सुगम्यता नियमांची 2.2 ही आवृत्ती काढली. आकडे लक्षात ठेवणं किंवा बघून उतरवणं ही लॉगिनची एकमेव वाट असू नये, असं त्यात आहे. कॉपी करून पेस्ट करू दिलं तरी चालतं. वेळ संपण्याआधी सूचना देऊन तो वेळ वाढवू द्यावा, हा नियम तर त्याही आधीचा. पण ‘पुढे जा’ दाबल्यावर पैसे कापले जातात की नुसतं पान बदलतं, हा गोंधळ कुठलंही तपासणी सॉफ्टवेअर पकडत नाही. तो पकडतात ती माणसाची थबकलेली बोटं.

एक तक्रार आहे. ही मंडळी येतात, दोन तास देतात, व्हिडिओ घेतला जातो आणि मग कुणी फिरकत नाही. नवी आवृत्ती निघाली की त्यांना फोन करा, कुठलं बटण बदललं ते सांगा आणि पुन्हा बोलवा.