40 शिलिंगांची वीज

(दृश्य: पत्र्याच्या छपरावर छोटं सौर पॅनेल. कॅमेरा वायरीच्या मागाने घरात येतो.)

छपरावर 8 वॅटचं पॅनेल. खाली भिंतीवरच्या डब्यात बॅटरी, आणि डब्यावर आकड्यांची बटणं. पॅनेल बाजारात कुठेही मिळेल. हप्त्याने सौरसंच विकण्याचा धंदा उभा आहे तो या बटणांवर. डब्यात विजेला कुलूप असतं: हप्ता भरला तर वीज चालू, नाही तर बंद. रॉकेलवर रोज थोडे पैसे घालणाऱ्या घराला रोजचा खर्च झेपतो. वर्षाचे पैसे एकदम काढता येत नाहीत. त्यामुळे वस्तू स्वस्त करण्याइतकंच महत्त्वाचं असतं बारीक हप्ते कमी खर्चात वसूल करणं.

केनियात ही वाट मोबाइलने मोकळी केली. मार्च 2007 मध्ये सफारिकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा सुरू केलं आणि साध्या फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले. 2012 पासून एम-कोपा कंपनीने त्याच्या जोरावर सौरसंच विकले: सुरुवातीला साधारण 3,000 शिलिंग, मग वर्षभर रोज 40 ते 50 शिलिंग. एवढ्याशा हप्त्यासाठी दारात माणूस पाठवला, तर त्याचा प्रवासखर्चच हप्त्याहून जास्त व्हायचा.

(दृश्य: बोट बटणं दाबतंय. हिरवा दिवा लागतो.)

काही संचांत सिम कार्ड असतं आणि कंपनी थेट नेटवर्कवरून वीज चालू-बंद करते. पण सिम आणि मोडेमचा खर्च येतो, आणि रेंज नसेल तिथे हा प्रकार लंगडा पडतो. दुसरा मार्ग कोडचा.

कारखान्यातच प्रत्येक डब्यात एक गुप्त किल्ली भरतात. तीच किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. हप्ता जमा झाला की सर्व्हर ती किल्ली, कोडचा अनुक्रमांक आणि विकत घेतलेले दिवस यांवरून एक आकडा काढतो. ओपनपेगो टोकन या खुल्या प्रणालीत तो 9 अंकी असतो. एसएमएस येतो, ग्राहक आकडे दाबतो, डबा तेच गणित स्वतः करून पडताळतो. अनुक्रमांक पुढे सरकल्याने वापरलेला कोड पुन्हा चालत नाही, आणि किल्ली वेगळी असल्याने शेजारच्या डब्यालाही चालत नाही. मधला एखादा एसएमएस हरवला तरी अडू नये म्हणून डबा पुढचे काही अनुक्रमांकही तपासून पाहतो. ही सोय ठेवली नाही, तर पैसे भरलेला माणूस अंधारात बसतो आणि कॉल सेंटरचे फोन वाजत राहतात.

उरलेले दिवस डब्याने लिहून कुठे ठेवायचे, हाही प्रश्नच. बॅटरी पूर्ण उतरली की तात्पुरती मेमरी पुसली जाते, म्हणून नोंद फ्लॅश मेमरीत करतात. पण फ्लॅशची एक जागा साधारण 1,00,000 वेळा लिहिल्यावर झिजते. दर मिनिटाला तिथेच लिहिलं, तर ती 70 दिवसांत संपली! तासातून एकदा लिहिलं, तर 11 वर्षं. प्रोग्रामची एक ओळ आणि एवढा फरक.

(दृश्य: उघडलेला डबा. बॅटरी आणि सर्किट एकाच कवचात.)

वायर जोडून कुलूप टाळायचा प्रयत्न होणारच. त्यामुळे बॅटरी आणि कुलूप एकाच कवचात बसवतात.

आता विजेचा हिशेब. 8 वॅटच्या पॅनेलला दिवसाला 4.5 तासांचं भरपूर ऊन मिळालं तर 36 वॅट-तास. गळती वजा जाता हाती येतात साधारण 27. 1.2 वॅटचे तीन दिवे पाच तास म्हणजे 18, रेडिओ 4, साधा फोन 5. ताळा जमला, पण गाठीला काहीच उरलं नाही. पॅनेलवर धूळ बसली किंवा आभाळ भरलं की दिवे लवकर मालवतात, आणि वीज नसलेल्या दिवसाचा हप्ता कोण आनंदाने भरेल? थकबाकीची सुरुवात अनेकदा इथून होते. म्हणून विकताना पॅनेलच्या आकारात काटकसर करू नये.

हप्त्यांवर विकणारी कंपनी खरं तर कर्ज देत असते. माल आज जातो, पैसे वर्षभर येत राहतात, म्हणून जितका खप वाढेल तितकं खेळतं भांडवल जास्त लागतं. असेच सौरसंच विकणारी बर्लिनची मोबिसोल 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे एंजी या फ्रेंच ऊर्जा कंपनीने ती घेतली. त्यात कंपनीने स्वतः घेतलेलं कर्ज डॉलरमध्ये आणि वसुली स्थानिक चलनात असेल, तर धोका दुप्पट. जून 2023 मध्ये नायजेरियाने आपल्या चलनाचा, नायराचा, दर मोकळा सोडला. साधारण 470 नायरांचा डॉलर काही आठवड्यांत 750 च्या वर गेला. ग्राहक हप्ते चोख भरत होते, तरी डॉलरमध्ये ती वसुली एक तृतीयांशाहून जास्त घटली.

(दृश्य: दुकानातला एजंट बॅटरी बदलतोय.)

शेवटच्या हप्त्यानंतर एक वेगळा कोड येतो आणि कुलूप कायमचं निघतं. त्या दिवसापासून या घरातून कंपनीला उत्पन्न नाही, पण बॅटरी तर जुनी होतच असते. म्हणून हमी हप्त्यांपेक्षा लांब मुदतीची हवी, आणि सुटी बॅटरी गावातल्या एजंटकडेच मिळायला हवी. वेळेवर फेडलेल्या हप्त्यांची नोंद पाहून त्याच ग्राहकाला पुढे टीव्ही किंवा स्मार्टफोन हप्त्याने देता येतो. बॅटरी बंद पडलेल्या घरात मात्र ही दुसरी विक्री होत नाही.