ऑगस्टात सूर्य दिसतो कुठे?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, इंटरनेटवरची माहिती मुलांना पारखायला कशी शिकवायची. त्यावर येतोच, पण आधी जरा विजयदुर्गावर जाऊन येऊया, कारण माझ्यापुरतं हे सगळं तिथून सुरू झालं.

देवगड तालुक्यातल्या माणसाला हेलियमची गोष्ट सांगावी लागत नाही. 18 ऑगस्ट 1868, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विजयदुर्गावर दुर्बीण लावून बसला आणि हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावर दुर्बिणी ठेवायला बांधलेले साहेबाचे ओटे आहेत, आणखी काय पुरावा हवा? मी विज्ञान शिकवतो, 16 वर्षं ही गोष्ट वर्गात सांगितली, सहलीला गेलो की त्या ओट्यांवर मुलांना बसवून फोटो काढले. आणि मग एका वर्षी आठवीतली एक मुलगी उठली, वडील मासेमारी करणारे, आणि म्हणाली, "सर, ऑगस्टात हय सूर्य दिसता खय?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या दिवशीसुद्धा पाऊस कौलांवर असा कोसळत होता की मी फळ्याजवळून ओरडून शिकवत होतो, नारळी पौर्णिमा व्हायची होती, तिच्या वडिलांची होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली. कुठला शहाणा खगोलशास्त्रज्ञ श्रावणातल्या कोकणात सूर्य बघायला येईल?

घरी येऊन नेट उघडलं. दहा-बारा पानं, सगळीकडे तेच. वाक्यंसुद्धा तीच! एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूक पुढच्या तिघांनी जशीच्या तशी उचललेली. म्हणजे हे दहा साक्षीदार नव्हतेच हो, एकच साक्षीदार दहा तोंडांनी बोलत होता. मग मी 'विजयदुर्ग' हा शब्दच काढून टाकला आणि नुसतं शोधलं, 1868 साली लॉकियर होता कुठे? तर तो इंग्लंडात. ग्रहण बघायला आंध्रातल्या गुंटूरला आलेला माणूस जान्सेन, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातली जी पिवळी रेघ हेलियमची निघाली, ती लॉकियरने पाहिली 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्याच्याच देशात बसून.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गाला आला होता, नक्की आला होता, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898च्या खग्रास ग्रहणाला. सोबत मेलपोमेनी नावाची युद्धनौका, तिचे खलाशी निरीक्षणाला मदतीला घेतलेले. तोवर रॅमझे या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये हेलियम पृथ्वीवर वेगळा काढूनही झाला होता. मला तर ही खरी गोष्ट जास्त आवडते, खलाशी दुर्बिणींपाशी उभे आहेत, आपल्या किल्ल्यावर! ती सोडून आपण दुसरीच का सांगतो याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि लक्षात घ्या, ही थाप नाहीये, माणूस खरा, जागा खरी, ग्रहण खरं, फक्त साल चुकलंय आणि हेलियमचा शोध भलत्या जागी चिकटलाय. अशीच माहिती सगळ्यात जास्त फिरते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 फॅक्ट चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हेच ज्यांचं काम असे लोक, आणि 25 विद्यार्थी यांना वेबसाइट तपासायला बसवलं. इतिहासकार आणि मुलं पान वरपासून खालपर्यंत वाचत बसली, लोगो, भाषा, दिसणं बघत, आणि बरीच फसली. फॅक्ट चेकर पान सोडून लगेच बाजूच्या टॅबमध्ये गेले, ही संस्था कोण, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात? मुलांना हेच शिकवायचं, पान वाचण्याआधी पानाबाहेर जा. "साइट छान दिसते, स्पेलिंग बरोबर आहे" हे निकष आता फेका.

दुसरं, हे आधी कोणी म्हटलं आणि कधी, तिथपर्यंत मागे जायचं. तिसरं, फोटो असेल तर इमेज सर्च, म्हणजे तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोधायचं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी आमच्या ग्रुपवर लाटांचा एक व्हिडिओ फिरला, तो कुठल्या देशातला होता देव जाणे, पण किनारा आपला नव्हता, वाळूच सांगत होती. लाटांचा इशारा हवा तर हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते, वादळाचा हवामान खातं, मच्छीमारांच्या मुलांना ही दोन नावं पाठ पाहिजेत.

एआयवर बोलायचं राहिलं. पुन्हा बोलवा.

त्या मुलीने नंतर वहीत लिहिलं होतं, "लॉकियर इलो होतो, पण जानेवारीत, आभाळ मोकळा असताना." चला, प्रश्न घेऊया.